बाजारभावाच्या ॲपचा कॅशे कोडमध्ये कसा बांधावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यासाठी शेतमालाचे दर दाखवणारं ॲप बांधायचं असेल, तर त्यावरचा भार दिवसभर सारखा नसतो. सौदे उरकले की रताळी, बटाटा, कांदा पाठवणारे शेतकरी, अडत दुकानदार आणि सीमेपलीकडचे चंदगड-गडहिंग्लजचे लोक एकाच सुमारास दर बघतात. माहिती थोडी असते, क्वचित बदलते आणि तीच ती पुन्हा पुन्हा मागितली जाते. कॅशे म्हणजे एकदा काढलेलं उत्तर काही वेळ जवळ ठेवून पुन्हा वापरणारा साठा. त्यासाठी याहून योग्य काम शोधून सापडणार नाही.

स्प्रिंग बूट हे जावाचं फ्रेमवर्क वापरणारे बरेच जण प्रॉपर्टीज फाइलमध्ये कॅफीनची (ॲपच्याच मेमरीत कॅशे ठेवणाऱ्या लायब्ररीची) एक ओळ टाकतात: जास्तीत जास्त ५०० एन्ट्री, आयुष्य १० मिनिटं. ही ओळ ॲपमधल्या प्रत्येक कॅशेला लागू होते. सौद्यागणिक बदलणारा दर आणि वर्षानुवर्षं न बदलणारं मालाचं नाव, दोघांनाही तीच दहा मिनिटं. शिवाय खरा नियम आहे तो असा: ‘हा दर पुढचा सौदा सुरू होईपर्यंत चालेल’. तो त्या ओळीत लिहिताच येत नाही. म्हणून नियम कोडमध्ये ठेवायचे आणि फक्त बदलते आकडे बाहेर. पुढची सगळी मांडणी याच तत्त्वावर आहे. जावा १७, स्प्रिंग बूट ३ आणि कॅफीन ३ गृहीत धरलं आहे.

आधी कॅशे वेगळे करा

समजा १२ बाजार आणि ४० प्रकारचा माल आहे. तीन कॅशे लागतील.

‘दर’ या कॅशेत बाजाराचा कोड आणि मालाचा कोड मिळून एक एन्ट्री. तिच्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, क्विंटलमधली आवक आणि सौद्याची तारीख. एकूण ४८० एन्ट्री, म्हणून मर्यादा ६०० ठेवा.

‘नावं’ या कॅशेत बाजारांची आणि मालाची नावं, मराठीत आणि कन्नडमध्ये. ५२ नावं, दोन भाषा, १०४ एन्ट्री. आयुष्य एक दिवस पुरे.

‘आलेख’ या कॅशेत ९० दिवसांची किंवा वर्षाची दरमालिका. इथे एन्ट्री मोजून उपयोग नाही, कारण एकेक एन्ट्री लहानमोठी असते. त्याबद्दल खाली.

बांधणी

१. प्रोजेक्टमध्ये स्प्रिंग बूटचा कॅशे स्टार्टर आणि कॅफीन या दोन डिपेंडन्सी जोडा. कॅफीनची आवृत्ती स्वतः लिहू नका. ती स्प्रिंग बूट ठरवतो आणि तीच जुळते.

२. एक स्वतंत्र कॉन्फिगरेशन क्लास करा आणि त्यावर ‘एनेबल-कॅशिंग’ ॲनोटेशन लावा. कॅशेचा सगळा संसार याच क्लासमध्ये राहू द्या.

३. तिन्ही कॅशेंची नावं कॉन्स्टंट म्हणून लिहा. ज्या मेथडचं उत्तर कॅशेत ठेवायचं तिच्यावरच्या ‘कॅशेबल’ ॲनोटेशनमध्येही हेच कॉन्स्टंट वापरा, हातानं स्ट्रिंग टाइप करू नका.

४. प्रत्येक कॅशेसाठी कॅफीनचा नवा बिल्डर घ्या, मर्यादा आणि आयुष्य द्या, ‘रेकॉर्ड-स्टॅट्स’ चालू करा आणि तयार झालेला कॅशे स्प्रिंगच्या ‘कॅफीन-कॅशे’ या वेष्टनात नावासह घाला.

५. ही तीन वेष्टनं ‘सिम्पल-कॅशे-मॅनेजर’ला यादी म्हणून द्या आणि तो मॅनेजर बीन (स्प्रिंग स्वतः सांभाळतो ती वस्तू) म्हणून परत करा.

पाचव्या पायरीत ‘कॅफीन-कॅशे-मॅनेजर’ न घेता ‘सिम्पल’ घेण्यामागे कारण आहे. ‘कॅफीन-कॅशे-मॅनेजर’ मुळात मागेल त्या नावाचा कॅशे जागच्या जागी तयार करून देतो. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं, तर तुम्ही मेहनतीनं ठरवलेला कॅशे रिकामा राहतो आणि चुकलेल्या नावाचा दुसरा कॅशे तयार होतो. तुम्ही मॅनेजरला मूळ सेटिंग दिलं नसेल, तर या दुसऱ्या कॅशेला मर्यादाही नाही आणि मुदतही नाही. एरर येत नाही, मेमरी मात्र महिनाभर हळूहळू वाढत जाते. ‘सिम्पल’ मात्र अनोळखी नावाचा कॅशे देतच नाही, आणि मग स्प्रिंग अपवाद (एक्सेप्शन) फेकतो. तो ॲप सुरू होताना नव्हे, ती मेथड पहिल्यांदा चालते तेव्हा येतो, म्हणून कॅशे वापरणारी प्रत्येक मेथड निदान एका टेस्टमधून जाऊ द्या.

‘कॅफीन-कॅशे-मॅनेजर’च हवा असेल, तर त्याला नावांची यादी आधी द्या (त्यानं नवे कॅशे बनवणं थांबतं) आणि स्वतः बांधलेले कॅशे नंतर नोंदवा. उलट क्रमानं केलंत तर यादीतलं नाव तुमच्या कॅशेवर मूळ सेटिंगचा कॅशे बसवतं.

स्वतःचा मॅनेजर बीन आला, की स्प्रिंग बूट आपली स्वयंचलित मांडणी मागे घेतो. म्हणजे प्रॉपर्टीज फाइलमधली ती जुनी ओळ मेली. पण ती दिसत राहते, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी तिथे १० चे ३० करून बदल का झाला नाही म्हणून दिवस घालवतो. ती ओळ कोडच्या त्याच कमिटमध्ये काढून टाका.

पुढच्या सौद्यापर्यंतचं आयुष्य

कोडमध्ये कॅशे बांधण्याचा खरा फायदा इथे मिळतो. कॅफीनमध्ये ‘एक्स्पायरी’ नावाचा इंटरफेस आहे. त्यात तीन मेथड: एन्ट्री तयार झाल्यावर, बदलल्यावर आणि वाचल्यावर. प्रत्येक मेथड उरलेलं आयुष्य परत करते. हा इंटरफेस वापरला तर त्याच बिल्डरवर ‘एक्स्पायर-आफ्टर-राइट’ किंवा ‘एक्स्पायर-आफ्टर-ॲक्सेस’ लावता येत नाही. दोन्ही लावलेत तर ॲप सुरूच होणार नाही, आणि तेच बरं.

समजा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी ११ वाजता भरतो. सरळ विचार असा येतो: आत्ताच्या वेळेनंतरचा पहिला सौदा शोधा आणि तोवरचं आयुष्य द्या. हे चुकीचं आहे. बुधवारी ११ वाजता सौदा सुरू झाला, पण नवे दर डेटाबेसमध्ये १ वाजता पडले असं धरा. साडेअकराला कुणी दर मागितला, तर डेटाबेसमधून शनिवारचाच दर येतो, आणि ‘आत्तापासून पुढचा सौदा’ म्हणजे येता शनिवार. शनिवारचा शिळा दर बुधवारी कॅशेत बसतो आणि तीन दिवस हलत नाही.

हिशेब आत्ताच्या वेळेपासून नव्हे, दराच्या स्वतःच्या तारखेपासून करा. एन्ट्रीतल्या सौद्याच्या तारखेनंतरचा सौदा कधी, ते काढा. तो अजून यायचा असेल तर तोवरचं आयुष्य. तो होऊन गेला असेल, म्हणजे नवा दर यायचा बाकी आहे, तर आयुष्य फक्त दोन मिनिटं. वरची मर्यादा चार दिवस ठेवा. तारीख चुकीची भरली गेली तरी एन्ट्री त्यापलीकडे अडकणार नाही.

‘बदलल्यावर’च्या मेथडमध्ये हाच हिशेब पुन्हा करा, जुनं उरलेलं आयुष्य तसंच परत करू नका. ‘वाचल्यावर’च्या मेथडमध्ये मात्र मिळालेलं आयुष्य जसंच्या तसं परत द्यायचं, नाहीतर लोक बघत राहतील तोवर दर जुना होणारच नाही.

या मेथडना उत्तर नॅनोसेकंदांत हवं असतं. सहा तास म्हणजे २,१६,००,००० मिलिसेकंद. हा आकडा तसाच परत केलात तर कॅफीन त्याला नॅनोसेकंद समजतो, आणि एन्ट्री सुमारे २२ मिलिसेकंदांत संपते. कॅशे आहे पण एकही हिट (कॅशेतून मिळालेलं उत्तर) नाही, असं दिसलं तर पहिल्यांदा इथे बघा. ‘ड्युरेशन’ वापरून शेवटी नॅनोसेकंदांत रूपांतर केलं की हा प्रश्न येत नाही.

टाइमझोन कोडमध्ये स्पष्टपणे आशिया/कोलकाता लिहा. क्लाउडवरचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतो, आणि त्याची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. पहाटेच्या भाजी बाजाराचे दर भरणाऱ्याला हा फरक नेमका छळतो.

सुट्ट्यांची यादी बाजारागणिक ठेवा, ॲपला एकच नको. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते, महाराष्ट्रात नसते. १९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात शिवजयंतीची सुट्टी असते. गडहिंग्लज आणि बेळगाव एकाच ॲपमध्ये असतील तर दोघांचा पुढचा सौदा एकाच नियमानं काढता येणार नाही.

आणखी एक खाच. एखाद्या मालाचा दर अजून आलाच नाही, तर मेथड नल, म्हणजे रिकामं उत्तर, देते. स्प्रिंगचं वेष्टन नलच्या जागी स्वतःची एक खास वस्तू कॅशेत ठेवतं. तुमच्या एक्स्पायरीला तीच वस्तू मिळते, आणि तुम्ही तिला डोळे झाकून ‘दर’ या प्रकारात बदलायला गेलात तर अपवाद येतो. आधी प्रकार तपासा. दर नसेल तर एक मिनिट आयुष्य द्या. ‘अजून दर नाही’ हे उत्तर दिवसभर टिकलं, तर शेतकऱ्याच्या लेखी ॲप बंद पडल्यासारखंच.

एकदम येणारी गर्दी

सगळे बाजार ११ वाजता भरत असतील, तर ४८० एन्ट्री एकाच क्षणी संपतात. ‘कॅशेबल’वर ‘सिंक’ चालू केलं, तर एका एन्ट्रीसाठी एकच विनंती डेटाबेसकडे जाते, बाकीच्या थांबतात. पण वेगवेगळ्या ४८० एन्ट्रींच्या विनंत्या एकदम जाऊ शकतात, आणि हिकारीच्या पूलमध्ये (डेटाबेसच्या तयार कनेक्शनच्या साठ्यात) मुळात १० कनेक्शन असतात. म्हणून आयुष्यात ० ते ९० सेकंदांची यादृच्छिक भर घाला. सौदा सुरू झाल्यावर नवा दर यायला तसाही वेळ लागतो, त्यामुळे या ९० सेकंदांनी कुणाचं नुकसान नाही.

‘सिंक’ आणि ‘अनलेस’ ही अट एकत्र चालत नाहीत. नल कॅशेत जाऊ नये म्हणून ‘अनलेस’ लावायची सवय असते. वर सांगितल्याप्रमाणे नलला एक मिनिट दिलं की तिची गरज उरत नाही.

कॅशे-की: दोन भाषा, दोन नावं

सीमाभागातल्या ॲपमध्ये सगळ्यात जास्त तक्रारी इथून येतात. कॅशेत एन्ट्री ज्या खुणेनं शोधली जाते ती कॅशे-की, आणि स्प्रिंग ती मेथडला दिलेल्या पॅरामीटरपासून बनवतो. भाषा जर विनंतीच्या हेडरमधून थ्रेडवर ठेवलेली असेल आणि मेथडला पॅरामीटर म्हणून दिलेली नसेल, तर ती कॅशे-कीमध्ये येत नाही. चिकोडीच्या कुणी कन्नडमध्ये यादी उघडली, की पुढचा दिवसभर खानापूरच्या मराठी वाचकालाही कन्नड यादी दिसते. भाषा नेहमी पॅरामीटर म्हणून द्या. ‘दर’ या कॅशेत मात्र भाषा आणूच नका. तिथे फक्त कोड आणि आकडे असावेत, नावं शेवटी जोडावीत. त्यामुळे एन्ट्री निम्म्या होतात आणि दोन भाषांत दोन वेगळे दर दिसण्याची शक्यताच राहत नाही.

बाजाराचं नाव कॅशे-कीमध्ये वापरू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे, लोक बेळगाव लिहितात, आणि दोन्ही शोधात येतात. चिकोडी आणि चिक्कोडीचंही तसंच. शोधलेल्या नावावरून आधी कोड काढा, मग कॅशेकडे जा.

नावावरून कोड काढतानाही युनिकोडची एक अडचण आहे. ‘ऱ’ हे अक्षर एकच कोड म्हणून येतं, किंवा ‘र’ अधिक नुक्ता असं दोन कोडांनी येतं. डोळ्यांना सारखं, स्ट्रिंग म्हणून वेगळं. एनएफसी या युनिकोडच्या नॉर्मलायझेशननं ही जोडी एक होते. पण ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतला अर्धा र काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, असा लिहितात. तो एनएफसीनं बदलत नाही. त्यासाठी हा तीन कोडांचा क्रम स्वतः ‘ऱ’ अधिक हलन्त असा बदलून घ्या.

एकच पॅरामीटर घेणाऱ्या दोन मेथडना एकाच कॅशेचं नाव दिलं, तर त्यांच्या कॅशे-की एकमेकींवर आदळतात. बाजार ७ आणि माल ७ यांची कॅशे-की एकच होते. एका प्रकारच्या उत्तरासाठी एक कॅशे, हा नियम पाळा.

आणि ‘वीक-कीज’ हा पर्याय मेमरी वाचवेल म्हणून लावू नका. तो लावल्यावर तुलना मजकुराची न होता वस्तूच्या ओळखीची होते, आणि दर वेळी नव्यानं बनलेली कॅशे-की कधीच सापडत नाही.

मेमरीचा अंदाज

जावा ९ पासून फक्त लॅटिन अक्षरांची स्ट्रिंग दर अक्षरी एक बाइट घेते. देवनागरी किंवा कन्नडचं एकही चिन्ह आलं की पूर्ण स्ट्रिंग दर चिन्हाला दोन बाइट घेते. ‘बेळगाव’ या शब्दात मात्रा-काने धरून सहा चिन्हं, म्हणजे १२ बाइट. रेडिस या ॲपबाहेरच्या कॅशे-सर्व्हरमध्ये यूटीएफ-८ नं गेलं तर १८. इंग्रजी नमुना माहितीवर केलेला अंदाज म्हणून आपल्याकडे कमी पडतो.

‘आलेख’ या कॅशेसाठी एन्ट्रींची संख्या नको, वजन लावा. एक बिंदू म्हणजे एक एकक, एकूण मर्यादा २०,०००. त्यात ९० दिवसांचे २२२ आलेख बसतात, किंवा वर्षभराचे ५४. संख्या आणि वजन या दोन्ही मर्यादा एका कॅशेवर लागत नाहीत. वजन एन्ट्री घालताना आणि बदलताना मोजलं जातं. नंतर तुम्ही आतल्या यादीत बिंदू वाढवलेत तर कॅफीनला कळत नाही. तसंही कॅशेतून मिळालेली यादी बदलू नयेच. ती सगळ्यांना मिळणारी एकच वस्तू असते. न बदलणारी यादी कॅशेत ठेवा.

बाहेर काय ठेवायचं

नलचं आयुष्य, चार दिवसांची मर्यादा, ६०० आणि २०,००० हे आकडे प्रॉपर्टीजमधून घ्या, एका टाइप्ड क्लासमध्ये, किमान-कमाल तपासणीसह. वेळ लिहिताना एकक लिहाच. नुसतं १० लिहिलंत तर स्प्रिंग ते १० मिलिसेकंद समजतो. किमान ३० सेकंदांची तपासणी ठेवली तर असा आकडा ॲप सुरू होतानाच अडतो.

दर दुरुस्त झाल्यावर

दर भरणाऱ्याची आकड्यात चूक झाली आणि त्यानं ती सुधारली, तर एन्ट्री लगेच काढायला हवी. एन्ट्री काढणारं ‘कॅशे-इव्हिक्ट’ ॲनोटेशन लावताना ट्रान्झॅक्शनकडे लक्ष द्या. एन्ट्री डेटाबेसमधल्या कमिटच्या आधी निघाली, तर मधल्या क्षणात दुसरी विनंती जुना दर वाचून पुन्हा कॅशेत ठेवते. ‘ट्रान्झॅक्शन-अवेअर-कॅशे-मॅनेजर-प्रॉक्सी’मध्ये आपला मॅनेजर घातला की काढणं कमिटनंतर होतं. आतला मॅनेजर आता स्वतः बीन नसतो, म्हणून त्याची ‘इनिशियलाइझ-कॅशेस’ मेथड हातानं बोलवा, नाहीतर त्याच्यात एकही कॅशे सापडत नाही.

दर भरणारी मेथड आणि कॅशेची मेथड एकाच क्लासमध्ये असून एक दुसरीला थेट बोलावत असेल, तर ॲनोटेशन चालत नाही, कारण ती हाक स्प्रिंगच्या प्रॉक्सीतून जात नाही. कॅशेच्या मेथड वेगळ्या क्लासमध्ये काढा.

सर्व्हर दोन झाले की कॅफीनचे कॅशेही दोन होतात, आणि एकीकडे काढलेली एन्ट्री दुसरीकडे राहते. तेव्हा ‘दर’ रेडिसवर न्या, ‘नावं’ कॅफीनमध्येच राहू द्या. रेडिसचं कॉन्फिगरेशनही कोडमध्ये बांधता येतं, पण तिथे प्रत्येक मेथड नवी वस्तू परत करते. ‘एन्ट्री-टीटीएल’ बोलावून परत आलेली वस्तू धरून ठेवली नाही, तर मूळ सेटिंग जसंच्या तसं राहतं. आणि रेडिसचं मूळ सेटिंग म्हणजे कधीच न संपणारं आयुष्य.

टेस्ट

कॅफीनला घड्याळ म्हणून ‘टिकर’ देता येतो, आणि तुमच्या एक्स्पायरीला जावाचं ‘क्लॉक’ बाहेरून द्या. टेस्टमध्ये दोन्ही एकत्र पुढे सरकवा. एकच सरकवलं तर निकाल दिशाभूल करतो. एक्झिक्युटर म्हणून त्याच थ्रेडवर काम करणारा द्या. मर्यादेची टेस्ट असेल तर आकार मोजण्याआधी ‘क्लीन-अप’ बोलवा, कारण कॅफीन जास्तीच्या एन्ट्री सवडीनं काढतो. अगदी लहान मर्यादा ठेवून टेस्ट केली तर नुकतीच घातलेली एन्ट्रीच गायब झालेली दिसू शकते. तो दोष नाही. कोणती एन्ट्री किती वेळा मागितली गेली याचा अंदाज ठेवून कॅफीन कुणाला काढायचं ते ठरवतो. निदान या तीन टेस्ट लिहा: मंगळवारी घातलेला शनिवारचा दर बुधवारी ११ नंतर दीड मिनिटात संपतो, बुधवारी साडेअकराला आलेला शनिवारचा दर साडेतीन मिनिटांनी उरत नाही, आणि नल एका मिनिटानं जातो.

कॅशे बंद करण्याची कळ

एका प्रॉपर्टीवर काहीच न साठवणारा ‘नो-ऑप-कॅशे-मॅनेजर’ येईल अशी सोय ठेवा. दर चुकीचा दिसतोय अशी तक्रार आली, की दोष कॅशेत आहे की डेटाबेसमध्ये हे पाच मिनिटांत कळतं. कॅशे बंद असताना डेटाबेस किती भार सोसतो, हे सौद्याच्या दिवशी नव्हे तर सोमवारी दुपारी तपासा. हिकारीच्या पूलमध्ये विनंत्या थांबलेल्या दिसल्या, तर बाजार कोड, माल कोड आणि तारीख यांवर एकत्रित इंडेक्स आहे का ते बघा आणि नसेल तर तो आधी लावा.